एलएसटी-३२५ : एका रणगाडावाहू जहाजाची कारकीर्द

एलएसटी-३२५ हे अमेरिकी नौदलाचे रणगाडावाहू जहाज फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत बांधले गेले. २७ ऑक्टोबर १९४२ रोजी ते पाण्यात उतरले आणि १ फेब्रुवारी १९४३ रोजी नौदलात दाखल झाले. त्याला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. युद्धकाळात या जातीची हजाराहून अधिक जहाजे बांधली गेली. इतक्यांची बारशी करायला कोणाला सवड नव्हती.

या जातीचा जन्म ब्रिटिशांच्या निकडीतून झाला. १९४० साली डंकर्कहून सैन्य परतले, पण रणगाडे आणि तोफा फ्रान्समध्येच टाकून यावे लागले. पुन्हा युरोपात उतरायचे, तर धक्का किंवा बंदर नसलेल्या किनाऱ्यावर रणगाडे पोचवणारे जहाज हवे होते. अडचण अशी, की महासागर ओलांडणाऱ्या जहाजाचा तळ पाण्यात खोल बुडालेला असावा लागतो, तर पुळणीवर चढणाऱ्या जहाजाला उथळ तळाखेरीज गत्यंतर नसते. नोव्हेंबर १९४१मध्ये अमेरिकी नौदलातील आरेखनकार जॉन नीडरमायर यांनी यावर तोडगा काढला. जहाजाच्या पोटात मोठ्या टाक्या ठेवायच्या. खोल समुद्रात त्या पाण्याने भरून जहाज जड करायचे आणि किनारा जवळ आला की पाणी उपसून ते हलके करायचे.

असे हलके झालेले जहाज पुढे जेमतेम चार फूट, मागे दहाएक फूट बुडालेले असे. किनाऱ्यापासून काही अंतरावर मागचा नांगर टाकायचा, जहाज सरळ वाळूवर घालायचे, पुढचे दोन्ही दरवाजे उघडून उतार खाली सोडायचा आणि रणगाडे बाहेर काढायचे. परत निघताना त्याच नांगराचा दोर गुंडाळत जहाज मागे ओढून घेतले जाई. लांबी ३२८ फूट, रुंदी ५० फूट आणि वेग ताशी फार तर बारा सागरी मैल. सपाट तळामुळे ते जरा वारा सुटला तरी बेदम डोलायचे. एलएसटी म्हणजे ‘लार्ज स्लो टार्गेट’, शत्रूसाठी मोठे आणि संथ लक्ष्य, अशी खलाशांची थट्टा होती. प्रत्यक्षात शत्रूच्या हल्ल्यात बुडालेली अशी जहाजे एकूण संख्येच्या मानाने थोडीच होती.

३२५ क्रमांकाचे जहाज १९४३च्या वसंतात उत्तर आफ्रिकेत पोचले. जुलैमध्ये सिसिलीतील जेला येथे आणि सप्टेंबरमध्ये इटलीतील सालेर्नो येथे ते उतरणीत सहभागी झाले. पुढे नॉर्मंडीच्या तयारीसाठी ते इंग्लंडला गेले. ५ जून १९४४ रोजी फॉलमथहून निघालेल्या राखीव ताफ्यात ते होते. ७ जूनला ओमाहा किनाऱ्यासमोर नांगर टाकून त्याने माणसे आणि वाहने छोट्या नावांवर व उभयचर गाड्यांवर उतरवली. ओहोटीच्या वेळी वाळूवर कोरडे पडलेले जहाज कण्यात मोडेल, अशी भीती तेव्हा अनेकांना वाटत होती. काही दिवसांतच ती निराधार ठरली आणि एलएसटी बिनदिक्कत कोरड्या पुळणीवर उभ्या राहू लागल्या. परतीच्या पहिल्या फेरीत या जहाजाने ३८ जखमींना इंग्लंडला नेले.

त्यानंतर सुरू झाली ती हमाली. पुढच्या नऊ महिन्यांत जहाजाने इंग्लिश खाडीच्या चाळीसहून अधिक फेऱ्या केल्या. युद्धाच्या इतिहासात उतरणीचा दिवस तेवढा गाजतो, पण सैन्य पुढे सरकते ते अशा वाहतुकीच्या जोरावर. २८ डिसेंबर १९४४ रोजी एम्पायर जॅव्हलिन हे सैनिकवाहू जहाज फ्रान्सजवळ पाणतीराने फुटले, तेव्हा त्यावरील सुमारे सातशे माणसांना ३२५ने आपल्यावर घेतले. मे १९४५मध्ये मायदेशी परतताना वादळात त्याच्या मुख्य डेकला तडा गेला. पोलादी पट्ट्या जोडून ते कसेबसे व्हर्जिनियातील नॉरफोकला पोचले आणि जुलै १९४६मध्ये निवृत्त झाले.

निवृत्ती टिकली नाही. १९५१पासून सागरी वाहतूक सेवेसाठी ते पूर्व कॅनडा आणि ग्रीनलँडच्या बर्फाळ किनाऱ्यांवर रडार केंद्रांचे सामान पोचवू लागले. सप्टेंबर १९६१मध्ये त्याचे नाव नौदलाच्या यादीतून वगळण्यात आले. १९६४मध्ये ते ग्रीसला देण्यात आले आणि तिथे प्रथमच त्याला खरे नाव मिळाले : सिरोस. बेटाबेटांच्या त्या देशाला धक्क्याविना माल उतरवणारे जहाज सोयीचेच होते. अशा जुन्या जहाजांना इतर देशांतही मागणी होती. भारतीय नौदलाची पहिली ‘मगर’ ही याच कुळातली, ब्रिटिश बांधणीची. ‘सिरोस’ १९९९पर्यंत सेवेत राहिले.

मग अमेरिकेतील माजी एलएसटी खलाशांच्या एका संस्थेने ते मिळवले. क्रीट बेटावरच्या सूडा उपसागरात बहुतेक सत्तरी गाठलेल्या स्वयंसेवकांनी त्याची डागडुजी केली, १४ नोव्हेंबर २००० रोजी ते हाकारले आणि भर हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून १० जानेवारी २००१ रोजी अलाबामातील मोबील बंदरात आणले. २००५मध्ये इंडियाना राज्यातील एव्हान्सव्हिल हे त्याचे ठिकाण ठरले. ओहायो नदीकाठच्या या गावातील गोदीने युद्धकाळात १६७ एलएसटी बांधल्या होत्या. फिलाडेल्फियाची ३२५ मात्र त्यांत नव्हती. आता ते तरते संग्रहालय आहे, आणि आजही स्वतःच्या इंजिनांवर नदीकाठच्या गावांना फेरी मारते.