कानातले विष : आगरकर आणि ‘विकारविलसित’

‘हॅम्लेट’ शिकविताना गव्हाणच्या एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले होते, की राजाला मारायचेच होते तर विष दुधात का नाही घातले, कानात कशाला ओतले? १५३८ साली वारलेल्या अर्बिनोच्या ड्यूकबद्दल अशीच वदंता होती, हे पुस्तकी उत्तर आम्ही दिले. तोच मागच्या बाकावरून कोणी पुटपुटले, “म्हणजे कान भरले म्हणा की!” वर्ग हसला, आम्हीही हसलो. पुढे मात्र त्या वाक्याने आमचा पिच्छा सोडला नाही.

कारण या सूडनाट्यातले खरे प्रतीक तेच आहे. कवटीचे चित्र मुखपृष्ठावर शोभते. परंतु प्रेत दहन करणाऱ्या समाजात कवटी पाहून दरबारी विदूषक आठवत नाही, स्मशानातला अघोरी आठवतो. कानाचे तसे नाही. राजाच्या कानात विष पडते, आणि त्याला साप चावला ही थाप सबंध देशाच्या कानात पडते. पोलोनियस पडद्याआड कान लावून बसतो आणि तिथेच मरतो. फ्रान्सहून परतलेल्या लेआर्टिसचे कान राजा भरतो. ‘कान भरणे’, ‘कान फुंकणे’, ‘हलक्या कानाचा’ असे शब्दप्रयोग बाळगणाऱ्या मराठी वाचकाला हे प्रतीक समजावून सांगावे लागत नाही.

आता हे नाटक मराठीत कोणी आणि कुठे आणले ते पाहू. ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचे काम केले. वय नुकतेच सव्वीस पूर्ण झालेले, सोबत टिळक. शिक्षा चार महिन्यांची होती, सुटका १०१ दिवसांनी झाली. गुन्हा कोणता? कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी केला होता. आरोपाला आधार म्हणून बर्व्यांची म्हणून जी पत्रे मिळाली होती, ती न्यायालयात बनावट ठरली. संपादकांना माफी मागावी लागली आणि तुरुंगही चुकला नाही.

वेडा ठरविलेला राजपुत्र, कारस्थानी दरबार, खोटी पत्रे! (हॅम्लेटही समुद्रप्रवासात खोटा खलिता लिहून आपल्या दोघा सोबत्यांना मृत्यूच्या दारी धाडतो.) ही सांगड आगरकरांनी मनात घातली होती असा आमचा दावा नाही, ती आम्ही घालतो आहोत. पण ज्याच्या स्वतःच्याच कानात कोणी विष ओतले होते, त्याने कोठडीत बसून तो प्रसंग मराठीत उतरविताना लेखणी क्षणभरही थबकू दिली नसेल, हे आम्हांला पटत नाही.

त्याहून महत्त्वाचे असे, की हॅम्लेट पिशाच्चाने कानात सांगितलेले तत्काळ खरे मानीत नाही. तो नाटकातले नाटक रचतो. कानाने ऐकलेले डोळ्यांनी पडताळून पाहतो. त्याच्या या विलंबाला दुबळेपणा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांला ती उतावळी वाटते. जिथे संपादक चुकले, नेमका तिथेच राजपुत्र थांबला. पुढे १८८८ साली ‘सुधारक’ काढून जुन्या समजुतींना पुरावा मागत सुटलेल्या, आणि त्यापायी जिवंतपणीच स्वतःची प्रेतयात्रा पाहिलेल्या आगरकरांना हा राजपुत्र परका वाटला नसावा. भाषांतराच्या नावातही त्यांनी सूड येऊ दिला नाही. ‘विकारविलसित’, म्हणजे मनोविकारांचा खेळ, असे नाव दिले. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी त्यातला चंद्रसेन गाजविला, तेव्हा टाळ्या अर्थातच अभिनयाला पडल्या. कोल्हापूर प्रकरण तोवर मागे पडले होते.

‘विकारविलसित’ १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर, तेव्हाच्या अहमदनगरात चौथे शिवाजी महाराज वारले. ते वीस वर्षांचे होते.