‘आमची जमीन वेगळी आहे’

बारामतीहून इंदापूरच्या दिशेने निघाले, की कन्हेरी, काटेवाडी, भवानीनगर असा उसाचा पट्टा लागतो. हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. इथली हिरवी शेती पावसापेक्षा नीरेच्या डाव्या कालव्यावर उभी आहे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर या कालव्याला वेग आला आणि १८८५ मध्ये त्यातून पाणी वाहू लागले. मुख्य हेतू होता दुष्काळात ज्वारी-बाजरी वाचवण्याचा. पुढे मात्र पाणी उसाकडे वळले.

पंचवीसएक वर्षांतच कालव्याखालच्या सखल रानांत नवे दुखणे दिसू लागले. जमिनी चिबड झाल्या. मग उन्हाळ्यात त्यांच्यावर पांढरा थर फुटू लागला. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी या भागाचा अभ्यास करून नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर १९१० मध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली. दुखण्याचे मूळ वर चढलेल्या भूजलात होते, आणि उपाय होता निचऱ्याचा.

हे संकट आधी कळण्यासारखे नव्हते का? तसे म्हणता येत नाही. उत्तर भारतात पश्चिम यमुना कालव्याच्या काठी हेच घडून गेले होते. कर्नाल परिसरातील तापाच्या साथींची चौकशी करणाऱ्या बेकर, डेम्प्स्टर आणि यूल यांच्या समितीने १८४७ मध्येच कालवा, तुंबलेला निचरा आणि वर आलेले भूजल यांचा संबंध दाखवला होता. तिकडे जमिनीवर फुटणाऱ्या क्षारांना ‘रेह’ म्हणतात. त्यांच्या चौकशीसाठी १८७० च्या दशकात सरकारने वेगळी समितीही नेमली होती. म्हणजे नीरेच्या कालव्याला पाणी सुटण्यापूर्वीच हा अनुभव सरकारदफ्तरी नोंदला गेला होता.

क्षार फुटण्याची क्रिया साधी आहे. पीक पाणी शोषते, ऊन पाणी उडवते. पाण्यातले बरेचसे क्षार मात्र मागे राहतात. समजा, पाण्यात लिटरला पाव ग्रॅम क्षार आहेत आणि एका हेक्टर उसाला वर्षाला दोन मीटर उंचीचे पाणी दिले. हे पाणी दोन कोटी लिटर होते आणि त्याबरोबर पाच टन क्षार शेतात येतात. निचरा चांगला असेल तर ते खाली धुऊन जातात. निचरा नसेल तर भूजल वर चढते, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे मातीच्या बारीक पोकळ्यांतून खारे पाणी पृष्ठभागाशी येते.

याच क्रियेचे फार जुने उदाहरण म्हणून मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या दक्षिण इराकचा, दाखला देतात. १९५८ मध्ये जेकबसेन आणि अ‍ॅडम्स यांनी मातीच्या विटांवरील नोंदींवरून दाखवले, की तिथे गहू हळूहळू मागे पडला आणि क्षार अधिक सोसणारी सातू उरली. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे आक्षेपही घेतले गेले; १९८५ मध्ये पॉवेल यांनी त्या नोंदींचा अर्थच तपासायला घेतला. असे तपासणे आवश्यकच असते. पण ‘कुठे इराक आणि कुठे बारामती!’ असे म्हणून विषय संपवणे म्हणजे तपासणे नव्हे.

माणसे असे का म्हणतात? एक कारण म्हणजे तुलना आरोपासारखी वाटते. कष्टाने रान पिकवणाऱ्याला ‘तू जमीन बिघडवतो आहेस’ असे ऐकू येते, आणि ज्या पाण्याने दुष्काळ हटवला त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे वाटते. दुसरे कारण काळाचे. पाणी आल्यावर पहिली अनेक वर्षे उत्पन्न वाढतच जाते. इशारा देणारा खोटा आणि डोळ्यांसमोरचे पीक खरे ठरते. तिसरे कारण सर्वांत अवघड आहे. पाणी मुरते वरच्या रानात आणि क्षार फुटतात खालच्या रानात. ज्याचा फायदा त्याचे नुकसान नाही; ज्याचे नुकसान त्याला कोणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. अशा वेळी इशारा नाकारणे हे केवळ अज्ञान राहत नाही. ते वरच्याच्या सोयीचेही असते.

मग तुलना योग्य की अयोग्य हे कसे ठरवायचे? दोन ठिकाणी फरक असणारच. इराकचे मैदान जवळजवळ सपाट आहे. आपल्याकडे उतार आहे, काळ्या मातीखाली मुरूम आहे. प्रश्न एवढाच, की या फरकामुळे साखळीची कोणती कडी तुटते? पाणी वर चढणे थांबते का? क्षार धुऊन जातात का? तसे दाखवता आले तर तुलना खुशाल फेटाळावी. मुरूमाने सखल रानातला निचरा होत नसेल, तर ‘आमची जमीन वेगळी’ हे उत्तर होत नाही.

नीरेचा अनुभव छापून झाल्यावर अनेक दशकांनी कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूर भागात हीच कथा पुन्हा घडली. या वेळी उदाहरण परदेशातले नव्हते. पीक तेच, भाषाही तीच होती. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ टाकले आणि क्षारपड रान पुन्हा पिकाखाली आणले. एकत्र यावेच लागले, कारण एकाच्या शेतातले पाणी दुसऱ्याच्या शेतातूनच बाहेर काढावे लागते.

वर्गात हे दाखवायला दोन कुंड्या पुरतात. एकीच्या तळाला भोक ठेवावे, दुसरीचे बुजवावे. दोन्हींना काही आठवडे किंचित खारे पाणी घालावे आणि उन्हात ठेवावे. नंतर मुलांना विचारावे: इथे नीरा कोणती, इराक कोणता, आणि दोन्हींत सारखे काय आहे? तुलनेचा राग न धरता तिची कडी न् कडी तपासण्याची सवय इथूनच लागू शकते.