पाचटापासून कोळशापर्यंत

ऊस तुटून गेला की शेतात पाचट उरते, हेक्टरी सुमारे 10 टन. जनावरे ते खात नाहीत, ते लवकर कुजत नाही आणि पुढच्या मशागतीची घाई असते. म्हणून अनेक शेतकरी ते पेटवून देतात. एवढे इंधन थोड्या वेळात धुराबरोबर निघून जाते आणि त्याच परिसरात बायका सरपण शोधत हिंडतात. लाकडाचा कोळसा पाडण्याची विद्या हजारो वर्षांची जुनी आहे. मग पाचटाचा कोळसा इतकी वर्षे का झाला नाही?

याचे उत्तर जुन्या भट्टीच्या रचनेत सापडते. कोळसा पाडणारे ओंडके रचून वर पाला व माती लिंपत आणि आत विस्तव सोडत. थोडे लाकूड जळे आणि त्याच्या उष्णतेने उरलेल्या लाकडाचा कोळसा होई. ओंडका जाड असल्याने त्याच्या आत हवा शिरत नाही, म्हणून हे साधते. पाचट पातळ आणि विरळ असते. थोडीशी हवा मिळाली तरी कोळसा होण्याऐवजी त्याची राख होते. त्याला हवा पूर्ण बंद हवी आणि उष्णता बाहेरून द्यायला हवी.

ही युक्ती पुढे आली ती बंदुकीच्या दारूसाठी. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या या मिश्रणात कोळसा एकसारखा नसेल तर दारूचा भरवसा राहत नाही. केंब्रिज विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले आणि पुढे बिशप झालेले रिचर्ड वॉटसन यांनी 1780 च्या दशकात ब्रिटिश सरकारला सुचवले, की लाकूड लोखंडी नळकांड्यात बंद करून बाहेरून तापवावे. लाकडातून निघणारे वायू आणि डांबर नळीवाटे बाहेर जाते व आत स्वच्छ कोळसा राहतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील एस्केर्द येथील दारूच्या कारखान्यात आंरी व्हायोलेत यांनी अतितप्त वाफेने लाकूड निरनिराळ्या तापमानांना तापवून पाहिले. 300 अंश सेल्सिअसच्या आत थांबल्यास काळा नव्हे, तर तांबूस कोळसा मिळतो, असे त्यांना आढळले. आज या हलक्या भाजण्याला टॉरिफॅक्शन म्हणतात. फ्रेंचमध्ये कॉफी भाजण्यालाही हाच शब्द आहे. असे भाजलेले लाकूड ठिसूळ होते, पाणी कमी शोषते आणि वजन बरेच घटले तरी बहुतेक ऊर्जा राखून ठेवते.

1880 च्या दशकात मोठ्या तोफांना सावकाश जळणारी दारू हवी होती. जर्मनीत त्यासाठी राय या धान्याचे काड अर्धवट भाजून तपकिरी दारू बनवण्यात आली. शेतातला अवशेष बेताने भाजून वापरण्याचे तंत्र असे तेव्हाच हाती आले होते. पण 1884 मध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली आणि लवकरच तपकिरी दारू मागे पडली. काड भाजण्याची गरजही तिच्याबरोबर संपली. हीच विद्या चुलीसाठी वापरावी, असे फारसे कुणाच्या मनात आले नाही. काड हलके आणि जागा खाणारे, ते दूरच्या कारखान्यात नेणे परवडणारेही नव्हते.

ही अडचण पुण्यातील आरती, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी सोडवली. त्यांनी भट्टीच शेताजवळ नेली. पाचट बंद पिंपांत दाबून भरायचे, पिंपे भट्टीत ठेवायची आणि खाली थोडे पाचट जाळायचे. पिंपे तापली की त्यांतून निघणारा वायू भट्टीतच पेट घेतो व पुढचे काम तोच करतो. वॉटसन यांच्या नळकांड्यातून बाहेर जाणारा वायू येथे इंधन ठरला. कोळशाची भुकटी खळीत मळून कांड्या पाडतात. या कामाला 2002 चा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीजकेंद्रांना दगडी कोळशात शेतातील अवशेषांच्या गोळ्या मिसळण्यास सांगितले. कोळसा दळण्याच्या काही प्रकारच्या चक्क्यांसाठी या गोळ्या भाजलेल्याच असाव्यात, असे त्यात म्हटले होते. व्हायोलेत यांना दिसलेला ठिसूळपणा तेथे उपयोगी पडतो.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. जाड परीक्षानळीत कोरड्या पाचटाचे तुकडे भरा. निमुळती काचनळी बसवलेले बूच लावा आणि परीक्षानळीचे तोंड किंचित खाली ठेवून तापवा. आधी वाफ येईल. मग पिवळट धूर जोरात येऊ लागला, की आतली हवा निघून गेलेली असते. तेव्हाच टोकाशी पेटती काडी धरा. धूर ज्योतीने जळेल. नळी थंड झाल्यावर उरलेला कोळसा तोला आणि मूळच्या पाचटातील बाकीचे वजन कोठे गेले, हे विद्यार्थ्यांना विचारा.