प्रवाळाच्या टाकीत गोडे पाणी आपोआप कसे भरावे?



मंडळाच्या गणपतीत आमच्या घरच्या रीफ टाकीचा विषय निघाला, की एक प्रश्न हमखास येतो: "तुम्ही भारतात जाता तेव्हा टाकीत पाणी कोण घालतं?" पूर्वी त्यावर आमच्याकडे धड उत्तर नव्हते. आता आहे. हा छंद असलेल्या किंवा सुरू करू पाहणाऱ्या घरांसाठी ती माहिती इथे एकत्र देत आहोत.

मुळात पाणी का भरावे लागते?

मिठागरात उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. घरातल्या समुद्री टाकीतही हेच चालू असते. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार आतच राहतात. म्हणून घटलेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी न घालता गोडे पाणी घालायचे.

प्रवाळांना साधारण ३५ पीपीटी क्षारता मानवते. २५ अंश सेल्सिअसला हे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ भरते. आमच्या टाकीत आणि सम्पमध्ये मिळून १५० लिटर पाणी आहे. थंडीत हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते, तेव्हा रोज अडीच लिटरपर्यंत पाणी उडते. आठवडाभर कोणी पाणी घातले नाही तर १३२.५ लिटर उरते आणि क्षारता ३९.६ वर जाते. मासे एखादे वेळी सोसतील, पण प्रवाळ आणि कोळंब्या असा बदल सहसा सोसत नाहीत. शिवाय सात दिवसांची तूट एकदम भरून काढली, तर तोही धक्काच.

यावर उपाय म्हणजे दिवसभर थोडे थोडे पाणी भरणारी यंत्रणा. तिला ऑटो टॉप-ऑफ किंवा थोडक्यात एटीओ म्हणतात.

लागणारे भाग

१. पाण्याचा साठा: झाकण असलेली बादली. पाणी आरओ-डीआय फिल्टरचे आणि टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे हवे. नळाच्या पाण्यातले क्लोरामाइन, फॉस्फेट आणि तांबे रोज थोडे थोडे टाकीत साठत जातात.

२. सेन्सर: फ्लोट स्विच किंवा ऑप्टिकल सेन्सर. तो सम्पमध्ये रिटर्न पंपाच्या कप्प्यात बसवावा. पाणी उडाल्यावर पातळी याच कप्प्यात खाली जाते. वरच्या टाकीत फरक दिसत नाही.

३. पंप: १२ व्होल्टचा छोटा डीसी पंप. मिनिटाला एक-दोन लिटर पुरे. मोठा पंप लावण्याचा मोह टाळावा.

४. नियंत्रक: तयार संच मिळतात. हौस असेल तर आर्डुइनो आणि रिले वापरून घरीही करता येतो. फ्लोट स्विचमधून पंपाचा प्रवाह थेट नेऊ नये. आतले नाजूक संपर्क चिकटले की पंप बंदच होत नाही.

आमचा धडा

आमची पहिली यंत्रणा अगदी साधी होती: एक फ्लोट आणि एक पंप. एका रात्री टाकीतली गोगलगाय फ्लोटवर चढून बसली. फ्लोट खालीच राहिला आणि पंप चालूच राहिला. सकाळी पाच गॅलनची बादली रिकामी, सम्प काठोकाठ आणि क्षारता ३१. क्लीनर श्रिंप मेली, दोन प्रवाळ पांढरे पडले. मुलीने त्या श्रिंपचे नावही ठेवले होते. आम्ही दिवसभर सॉफ्टवेअर तपासणारी माणसे, पण "सेन्सर खोटे बोलला तर काय?" हा प्रश्न घरी विचारायला विसरलो.

आता पाळतो ते नियम

* फ्लोट दोन. खालचा पंप सुरू-बंद करतो. वरचा, थोड्या उंचीवरचा, वेगळ्या रिलेने पंपाची वीज तोडतो. दोघांभोवती जाळी, म्हणजे गोगलगाय चढत नाही.
* तार तुटली तर पंप बंद पडला पाहिजे, सुरू राहता कामा नये. जोडणी तशीच करावी.
* पातळी सलग दहा सेकंद कमी दिसली तरच पंप सुरू.
* वेळेची मर्यादा. एरवी आमचा पंप १५ सेकंद चालतो. ६० सेकंद झाले की तो बंद होऊन भोंगा वाजतो. तेवढ्यात फार तर दोन लिटर जाते आणि क्षारता ३४.५ राहते. वरच्या टाकीची निचरा नळी तुंबली तरी सम्पची पातळी घटते. तेव्हाही हीच मर्यादा घर वाचवते.
* "बंद" ही नोंद ईईप्रॉममध्ये ठेवावी. नाहीतर वीज जाऊन आली की नियंत्रक सगळे विसरतो आणि पंप पुन्हा सुरू होतो.
* नळीचे तोंड सम्पच्या पाण्याच्या वर आणि साठ्याच्या कमाल पातळीच्याही वर असावे. साठा उंचावर असेल तर पंप थांबला तरी सायफनने पाणी येतच राहते. तोंड बुडालेले असेल तर खारे पाणी उलटे साठ्यात जाऊ शकते.
* पाणी बदलताना एटीओ बंद. नाहीतर काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या जागी गोडे पाणी भरले जाते. स्किमरचा कप भरून वाहिला तरी हेच होते.
* अमेरिकेत जीएफसीआय, ब्रिटनमध्ये आरसीडी असलेलाच प्लग वापरावा. वायर प्लगच्या खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे थेंब प्लगमध्ये शिरत नाही.

काही जण साठ्यात काल्कवासर, म्हणजे चुन्याची निवळी, घालतात. पानाला लावतो तो चुनाही कॅल्शियम हायड्रॉक्साइडच, पण टाकीसाठी शुद्ध प्रतीचाच घ्यावा. तिचा पीएच १२ च्या वर असतो. जास्त गेली तर नुसत्या पाण्यापेक्षा मोठे नुकसान होते. गावाला जाताना साठ्यात साधे पाणीच ठेवावे.

भारतात जाताना

तीन आठवड्यांना ५२ लिटर पाणी लागेल, म्हणून मोठा पिंप जोडावासा वाटतो. तसे करू नये. यंत्रणा बिघडली तर तो पूर्ण पिंप टाकीत जाईल. आम्ही पाच गॅलनचीच बादली ठेवतो. ती साधारण आठवडाभर पुरते. दर रविवारी शेजारच्या काकू येऊन भरून ठेवलेल्या कॅनमधून ती भरतात. पातळीची खूण रंगीत टेपने केलेली आहे आणि "भोंगा वाजला तर हा प्लग काढा" अशी चिठ्ठी लावली आहे.

निघण्याआधी निदान दोन आठवडे सगळे चालवून पाहा. फ्लोट हाताने खाली दाबून धरा आणि पंप ६० सेकंदांत थांबतो का ते घड्याळ लावून बघा. मग बॅगा भरायला घ्या.