पोथी, पुरावा आणि मंडालेचा बंदिवान

बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूरसारख्या गावी एकाच घरात आजोबांची पोथी आणि नातवाचे शास्त्राचे पुस्तक नांदत असते. नातू विचारतो, 'माणूस देवाने घडविला, की वानरसदृश पूर्वजांपासून आला?' या प्रश्नापाशी आम्हांस मंडालेच्या तुरुंगातील एका कायद्याच्या पदवीधराची आठवण होते.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली निघाला. लोकमान्य टिळकांनी तुरुंगात लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी उत्क्रांतिवाद टाळला नाही. हेकेलचे मत मांडून ते कापिल सांख्यांच्या मताशी ताडून पाहिले. सृष्टी क्रमाक्रमाने उलगडते, हे त्यांस मान्य होते. जड प्रकृतीतच सर्व काही आले, जाणणारा आत्मा निराळा नाही, हा हेकेलचा निष्कर्ष मात्र त्यांनी स्वीकारला नाही.

येथे वाचकांनी एक सावधगिरी बाळगावी. सांख्यांची तत्त्वे चिंतनातून आली. डार्विनने नैसर्गिक निवडीचा पुरावा प्रत्यक्ष जीवसृष्टीतून जमविला. तेव्हा 'आमच्या दशावतारांत हे सारे आधीच होते' असे म्हणणे म्हणजे साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. उलटतपासणीत अशी साक्ष टिकत नाही, आणि तिच्यावर उभी केलेली श्रद्धाही टिकत नाही.

प्राणिजाती कशा झाल्या, याचा निवाडा जीवाश्मांनी करावा. माणसाने कसे वागावे, हा दावा त्या न्यायालयात चालत नाही. म्हणून आजोबांनी नातवास 'पुस्तकात आहे ते खरे. आता देवापाशी दिवा लाव' एवढे म्हटले, तर पोथीचे काहीच उणे होणार नाही.