मसुदा आपला, सही कोणाची?

सारीपाट आणि बुद्धिबळ यांना इतिहास असतो, हे आपण निःशंकपणे मान्य करतो. परंतु मुलांच्या तळहातावरील विजेच्या खेळाला तो मान देताना आपण बिचकतो. वास्तविक त्यालाही आता तीन तपांची परंपरा आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८९ मध्ये ‘गेम बॉय’ हे हाती धरून खेळण्याचे यंत्र विक्रीस आणले आणि १९९१ मध्ये त्यासाठी ‘मेट्रॉइड २’ हा खेळ काढला. चिलखत ल्यालेली सॅमस परग्रहावरील भुयारांत वाट शोधीत, झुंजत खोल उतरत जाते. शत्रूचा निर्वंश करण्यास निघालेली ही वीरांगना अखेरीस त्याच्या नवजात पिल्लाला मात्र जीवदान देते. चिमुकल्या, रंगहीन पडद्यावरही कथा उभी राहू शकते, हे या खेळाने दाखवून दिले.

आपल्या देशात ही विद्या ज्या थोड्या ठिकाणी आरंभी रुजली, त्यांत बंगळूरचे स्थान अग्रभागी आहे. राजेश राव यांनी १९९७ मध्ये येथे ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था स्थापिली. तथापि परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी मोटारी, इमारती व पात्रे घडवून देणे, हाच पुढे तिचा मुख्य व्यवसाय झाला. कारागिरी बंगळूरची, कथा आणि नाममुद्रा दुसऱ्याची. नंतर ही संस्थाच स्वीडनच्या स्टारब्रीझकडे गेली आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या रॉकस्टार गेम्सने ती सुमारे ७९ लाख डॉलरांना विकत घेतली. यात कमीपणा मुळीच नाही. परक्याचे काम करता करताच हात तयार होतात. परंतु तयार झालेल्या हातांनी स्वतःचे म्हणून काय घडवावे, हा प्रश्न उरतोच.

त्याचे एक उत्तर पुण्याने दिले. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा संस्थेने २०१७ मध्ये आपल्या खेळासाठी लोकवर्गणीचे आवाहन केले, ते फसले. तरीही मंडळींनी काम सोडले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी ‘राजी’ हा त्यांचा खेळ प्रथम निन्टेन्डोच्याच ‘स्विच’ या यंत्रावर अवतरला. हे यंत्र हातातही धरता येते आणि दूरचित्रवाणी संचालाही जोडता येते. असुरांनी पळविलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. तिच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ आहे. भोवती राजस्थानी वळणाचे किल्ले आहेत. आणि पूर्वकथा छायाबाहुल्यांच्या रूपाने उलगडते. त्याच वर्षी जागतिक ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये उत्तम पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले.

खेळ आटोपशीर आहे आणि शेवट काहीसा अर्धवट वाटतो, हा आक्षेप रास्त आहे. त्याहून मनाला लागते ते हे की, पुण्यात घडलेल्या या कथेला आरंभी इंग्रजीतच बोलावे लागले. हिंदी आवाज लाभला तो २०२२ च्या सुधारित आवृत्तीत.

कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या आपणांस हे सहज उमजावे. मसुदा आपण लिहितो, सही वरिष्ठांची होते. त्या शिस्तीची खंत नसावी. पण मसुदे लिहून कसलेल्या हाताने एखादा तरी कागद स्वतःच्या सहीचा लिहावा, एवढी उमेद असावी. ‘राजी’चे मोल त्या सहीत आहे.