शाप नेमका कुणाचा?

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी 'पनवती' हा शब्द आपल्याला पक्का ठाऊक असतो. अमक्याने टीव्ही लावला की विकेट पडते, तमक्या मैदानावर आपण हरतोच. अमेरिकेतल्या बॉस्टन रेड सॉक्स या संघाचे चाहते अशी एक पनवती तब्बल ८६ वर्षं सोबत घेऊन जगले.

गोष्ट अशी सांगतात. पहिल्या पंधरा वर्ल्ड सिरीजपैकी पाच बॉस्टनने जिंकल्या. पाचवी १९१८ साली. १९१९च्या डिसेंबरात मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ हा हुकमी खेळाडू न्यूयॉर्क यँकीजला विकून टाकला. तोवर यँकीजकडे एकही विजेतेपद नव्हतं. २००३पर्यंत त्यांची २६ झाली, बॉस्टन तिथेच राहिलं. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ साली ते अंतिम मालिकेत पोहोचले आणि चारही वेळा सातव्या, निर्णायक सामन्यात हरले. रूथचं टोपणनाव 'बॅम्बिनो'. म्हणून हा 'बॅम्बिनोचा शाप'.

शाप हे फार सोयीचं उत्तर असतं. सिस्टिम बंद पडली की 'सर्व्हरलाच काहीतरी झालंय' म्हणावं, तसं. लॉग उघडले की मात्र माणसांनी घेतलेले निर्णय दिसायला लागतात.

१६ एप्रिल १९४५ हा दिवस घ्या. एका नगरसेवकाने दबाव आणला म्हणून रेड सॉक्सने फेनवे पार्कवर तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चाचणी घेतली. एकालाही नंतर बोलावणं गेलं नाही. त्यातल्या जॅकी रॉबिन्सनने दोनच वर्षांनी ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळत मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली. दुसरा, सॅम जेथ्रो, १९५० साली बॉस्टनच्याच दुसऱ्या संघाकडून सर्वोत्तम नवोदित ठरला. रेड सॉक्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो १९५९ साली. सोळा संघांत सगळ्यात शेवटी! तोवर रॉबिन्सन खेळून निवृत्तही झाला होता. या सगळ्या काळात संघाचे मालक होते टॉम यॉकी. आपल्या मर्जीने गुणी खेळाडूंना दार बंद करणारा संघ हरतो, तेव्हा त्यासाठी भूत कशाला हवं?

२००२मध्ये संघाला नवे मालक मिळाले. त्यांनी २८ वर्षांच्या थिओ एपस्टीनच्या हाती सूत्रं दिली. सल्लागार म्हणून बिल जेम्सना आणलं. एकेकाळी कारखान्यात रात्रपाळीची राखणदारी करता करता बेसबॉलच्या आकडेवारीवर लिहिणारा हा माणूस. मिनेसोटाने सोडून दिलेला डेव्हिड ऑर्टिझ संघात आला. जुलै २००४मध्ये तर लाडक्या नोमार गार्सियापारालाच दुसऱ्या संघात धाडलं. त्याच दिवशी डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक चपळ खेळाडू घेतला. त्याची फारशी बातमीही झाली नाही.

ऑक्टोबरमध्ये समोर पुन्हा यँकीज. सातपैकी पहिले तीन सामने बॉस्टनने गमावले, तिसरा तर १९-८ असा. ०-३ वरून मालिका जिंकणं मेजर लीग बेसबॉलमध्ये कुणालाच जमलं नव्हतं. चौथ्या सामन्यात, नवव्या आणि शेवटच्या डावात बॉस्टन एका धावेने मागे होतं. गोलंदाजीला मारियानो रिव्हेरा, शेवटच्या डावातला सगळ्यांत भरवशाचा माणूस. पहिल्या बेसवर बदली धावपटू म्हणून रॉबर्ट्स आला. तो दुसरा बेस चोरायला पळणार, हे अख्ख्या स्टेडियमला कळलं होतं. रिव्हेराने त्याला बाद करायला तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. चौथ्यांदा चेंडू फलंदाजाकडे गेला आणि रॉबर्ट्स सुटला. इंचभराच्या फरकाने तो पोहोचला. पुढच्या फटक्यावर बरोबरी झाली. बाराव्या डावात, मध्यरात्र उलटल्यावर, ऑर्टिझने होमरन मारला.

पुढचे तिन्ही सामने बॉस्टनने जिंकले. मग वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईस कार्डिनल्सचा ४-० धुव्वा उडवला. २७ ऑक्टोबरच्या त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ग्रहण सुटलं, असं म्हणायचा मोह कुणाला होणार नाही?

पण जिंकवलं कुणी, ते पाहा. ऑर्टिझ, पेड्रो मार्टिनेझ, मॅनी रामिरेझ हे तिघंही डॉमिनिकन. रॉबर्ट्सचे वडील कृष्णवर्णीय, आई जपानी. १९४५च्या फेनवे पार्कमध्ये यांतल्या कुणाला जागा मिळाली असती?

२०१८मध्ये बॉस्टनने फेनवेबाहेरच्या 'यॉकी वे'चं नाव बदलून पुन्हा जुनं 'जर्सी स्ट्रीट' केलं. तशी विनंती खुद्द रेड सॉक्सनेच केली होती.